कोटातली लाल फुली

तीर्थरूप बाबांना नमस्कार. कानही पकडते आहे. का ते पुढे वाचा.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. काल ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर साहेबांच्या शोकसभेला गेले होते. अख्ख्या देशाचे साहेब असे अचानक गेले, हेच अजून खरं वाटत नाही. सभेनंतर त्यांच्या वस्तू बघायला रांग लागली. चष्मा, काठी, आणि काचेच्या पेटीत तो काळा कोट, बटणं सोडून उघडा ठेवलेला.

बाबा, मी जागीच थिजले. आतल्या खिशाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक फुली होती, तुम्ही प्रत्येक कोटात घालता तीच. काळ्या कापडावर लाल! असला खुळेपणा तुमच्याशिवाय कोणता शिंपी करतो?

"साहेबांचा कोट मी शिवलाय," असं तुम्ही सांगायचात आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो. आई म्हणायची, "पुरे झाल्या थापा." मग तुम्ही सांगणंच सोडलंत.

हातांची थरथर आता कशी आहे? खरं सांगा.

रांग पुढे हाकणाऱ्या शिपायाला मी रडत रडत म्हटलं, "हा कोट माझ्या बाबांनी शिवलाय."

तो हसला, बाबा. अगदी आमच्यासारखा.

तुमची,
ठकी