कृष्णातची वाटी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ ऑगस्ट २०२४

चि. कृष्णात यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

पिराजीच्या दूधगाडीतून तू पाठवलेली ब्राह्मी पोचली. फोनवर बोलले की आई कान देऊन ऐकते आणि दिवसभर तेच धरून बसते, म्हणून ही चिठ्ठी. डॉक्टर म्हणाले, पाल्यानं गेलेली आठवण परत यायची नाही, थोडा दिलात तर हरकत नाही. मी रोज सकाळी वाटून रस काढते. आई घेत नाही. वाटी झाकून फडताळात ठेवते. म्हणते, कृष्णातची दहावी आहे, त्याला लागेल. तू दोनदा नापास झालास ते बरं लक्षात आहे! संध्याकाळी मी तो मोरीत ओतते.

मला ती कामाची बाई समजते. दोन वर्षं झाली, लेकीकडे एक रात्र राहिले नाही. दमले रे. पाला नको पाठवू, तू ये.

आशीर्वाद आहेतच, ते न्यायला तरी ये.
तुझी आक्का

मुरगूड
१० ऑगस्ट

ती. आक्कास कृष्णातचा सा. न. वि. वि.

म्हैस आज-उद्या व्यायची आहे, तुझी भावजय वर्षाराणी एकटी पडेल. पाटाकडेची ताजी ब्राह्मी दुप्पट पाठवतोय. खडीसाखर घालून बघ.

एक सांगतो, रागावू नकोस. दहावीला आई पहाटे वाटी घेऊन उशाशी उभी राहायची. ती वळली की मी रस खिडकीतून परसात टाकायचो. दोन्ही वर्षं.

माया पातळ करू नकोस.
कृष्णात

मंगळवार पेठ
१८ ऑगस्ट

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

काल आई वाटी घेऊन तुला शोधायला निघाली. शेजारच्या चिमणाबाईंनी कोपऱ्यावरून परत आणली. रस सगळा पदरावर सांडला होता. आणखी काय लिहू?

आक्का

मुरगूड
२७ ऑगस्ट

ती. आक्कास सा. न. वि. वि.

परवा रविवारी मी आलो होतो, तू मंडईत गेलीस तेव्हा जे झालं ते तोंडानं सांगवलं नाही. मी फडताळातली वाटी काढली. म्हटलं, निदान आज तरी पिऊ. आईनं मनगट धरलं. म्हणाली, "पावणं, तेवढं ठिवा. आमच्या कृष्णाताचं हाय ते."

ठेवली. मग तिनं मला चहाचं विचारलं, आणि कृष्णात वाटेत दिसला तर घरी लावून द्या म्हणाली. मी हो म्हटलं.

म्हैस वर्षाराणी बघेल. सोमवारी कपडे घेऊन येतो, महिनाभर राहतो. तू लेकीकडे जा, पोटभर झोप. आईला मी पावणा तर पावणा. रोज रस वाटीन, आणि ती झाकून ठेवेल.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.
तुझा कृष्णात