हिरव्या अळीला एक गाठ

गंटर्सव्हिल तलाव, अलाबामा
शुक्रवार

प्रिय आई,

देव आम्हाला नीट सांभाळतोय, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल मासेमारीच्या स्पर्धेत तुझा जावई हॉयट गळाला हिरवी अळी समजून तपकिरीच लावत राहिला. मी म्हटलं, "डॉक्टरांना डोळे दाखव." म्हणाला, "उजेड कमी होता गं."

संध्याकाळी बोटीतल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या अळ्या रंगांप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या. पिशव्या जुन्याच, धुतलेल्या. बोटांना कळावं म्हणून प्रत्येकीला दोरा बांधला: हिरव्यांना एक गाठ, तपकिरींना दोन, काळ्यांना तीन.

सकाळी तो म्हणाला, "चर्चचा शिवणवर्ग बोटीत भरवलास की काय?"

"मला मोजायला सोपं जातं. तू मासे धर."

आज त्याने पाच मोठे बास मासे आणले आणि स्पर्धेत चौथा आला. उद्या शेवटची फेरी. जेवल्यावर त्याने जांभळ्या अळ्यांची नवी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हिला चार गाठी मार."

घरी आल्यावर डॉक्टरांची वेळ मीच घेणार आहे. आता तो नाही म्हणायचा नाही. तोवर प्रार्थनेत त्याचे डोळे असू देत. बाबांना मात्र एवढ्यात सांगू नकोस.

तुझीच,
वर्लीन