तिसऱ्या पानावरचा मथळा

शनिवार, दि. १४
दुपारी साडेबारा

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बऱ्याच वर्षांनी हाताने लिहितो आहे, पण वळण बिघडलेलं नाही, बघ. आई ठीक. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. न्हाणीघरातला नळ मीच दुरुस्त केला. प्लंबरने दोनदा येऊन हात टेकले होते.

तुझा निरोप आईने काल मला वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती. आमच्या पेपरातला तो मथळा पहिल्या पानावर नव्हता. तिसऱ्या पानावर, वर उजवीकडे, चार कॉलमी: ‘चपट्यांनी गल्ली गिळली’. अवजारांच्या गल्लीत चिनी दुकानदारांनी आणखी पाच गाळे घेतले, त्याची बातमी. बातमीत एकही चूक नव्हती, हे छातीठोकपणे सांगतो. गाळ्यांचे नंबर मी स्वतः तपासले होते.

ठमीने वर्गातल्या मुलीला ढकललं, तिचा ओठ फुटला आणि सोमवारी दहाला मुख्याध्यापिकांनी तुम्हा दोघांना बोलावलंय, हे कळलं. त्या मुलीने कात्रण फळ्याला चिकटवलं आणि म्हणाली, “तुझ्या मामानेच तुझ्या बाबांना चपट्या म्हटलंय.” त्यावर आपली ठमी म्हणाली, “खोटारडी! मामाने नाही लिहिलं, त्याने मला फोनवर सांगितलंय.” आता ती माफी मागत नाही आणि न मागितली तर शाळा तिला पंधरा दिवस घरी बसवणार. अकरा वर्षांची पोर, पण हट्ट आपल्या घरातलाच.

गुरुवारी मी आईला घेऊन मेहुण्यांच्या दवाखान्यात गेलो होतो, हे त्यांनी तुला सांगितलं का? तिची कवळी खालच्या बाजूने टोचत होती. बाकावर आमचा पेपर होता, त्यातलं तिसरं पान कोणीतरी काढून ठेवलेलं. मेहुणे नेहमीसारखे “बसा, दादा” म्हणाले. आईला “इथे दुखतं? की इथे?” असं विचारत कवळी तीनदा घासली, तीनदा बसवून पाहिली. माणूस कामाला पक्का. निघताना दाराशी हळूच म्हणाले, “दादा, मथळे कोण देतं तुमच्याकडे?”

मी म्हणालो, “चार-पाच जण असतो. एकाचं काम नसतं ते.”

ते म्हणाले, “हो का.” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

काल तुझा निरोप वाचून झाल्यावर मी आईला म्हटलं, “मी मेहुण्यांना कधी तसं म्हटलंय का? चिमणीच्या लग्नात, चिनी जावई नको म्हणून सगळे पाठ फिरवून बसले, तेव्हा मीच उभा राहिलो. आणि तो शब्द काय, पेपरात चालतो. ते त्या गल्लीतल्यांबद्दल आहे. मेहुणे आपले.” आईने कवळी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. दात नसले की तिचे निम्मे शब्द हवेत जातात, पण हे सगळे पोहोचले: “ज्याच्या जातकुळीला चारचौघांत नावं ठेवलीस, त्याच्या हातच्या दातांनी मी घास चावू होय रे?” जेवली नाही. आज सकाळी चहाही तशीच प्यायली.

चिमणे, ती मुलगी खोटं बोलत नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी ठमीचा फोन आला. “मामा, तो मथळा तू नाही ना दिलास?” आवाजात इतकी खात्री होती की माझ्या तोंडून निघून गेलं, “छे गं, दुसऱ्या पाळीवाल्यांनी दिला.” ती म्हणाली, “मला माहीतच होतं.” त्यानंतर मी तिला दुसरं काही सांगितलं नाही.

सोबत त्या पानाचं प्रूफ जोडलं आहे. आमच्याकडे मथळा बदलणाऱ्याने समासात लाल शाईने सही करायची. ही शिस्त मीच लावली. बातमीदाराने ‘चिनी दुकानदारांनी घेतले आणखी पाच गाळे’ असं साधं दिलं होतं. मी ते खोडलं. अक्षर तू ओळखशीलच. जागा कमी पडत होती असंही सांगता येत नाही. ‘चिन्यांनी’ हे ‘चपट्यांनी’हून आखूड होतं. रागाने लिहिला म्हणावं, तर रागही नव्हता. मजेत लिहिला. संपादक खो-खो हसले, पाठीवर थाप मारली आणि मी दिवसभर फुगून हिंडलो. काल जुन्या फायली काढल्या. दोन वर्षांत तो शब्द माझ्या हातून अकरा वेळा गेला आहे. शाळा अर्ध्यावर सोडून प्रूफं वाचत शिकलेला माणूस मी, कोणाची एक वेलांटी सोडत नाही. हे अकरा वेळा माझ्या नजरेखालून गेलं.

आज खुलासा लिहून नेला, माझ्या नावानिशी. संपादक म्हणाले, “अहो, विसरलेत लोक. खुलासा छापून कशाला आठवण करून देता?” मी म्हटलं, “आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.” सोमवारपर्यंत कळवतो म्हणाले. नाही छापला, तर माझ्या टेबलावर दुसऱ्या कोणी बसावं.

हे पाकीट उद्या सकाळी मी तुमच्या दारावरच्या पेटीत टाकेन. बेल वाजवणार नाही. मेहुण्यांना प्रूफ दाखव; गुरुवारी त्यांनी विचारलेल्याचं उत्तर त्यात आहे. ठमीला मात्र काही सांगू नकोस. सोमवारी पावणेदहाला मी शाळेच्या फाटकाशी उभा असेन. तिला आधी मी सांगेन, मग त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना. ढकलल्याची माफी ठमीने मागावी की नाही, हे तुम्ही दोघं ठरवा. ‘खोटारडी’ची माफी माझी आहे, ती पोरीकडून मागवू नका.

मी येऊ नये असं वाटलं, तर तसा निरोप आईकडे ठेव. मी येणार नाही. पण मग ते प्रूफ तूच ठमीच्या हातात दे आणि समासातली सही कोणाची, तेही सांग.

तो मथळा देणारा,
तुझा दादा