आठवी ब, शेवटचा बाक

४ नोव्हें.
औषधाच्या दुकानात पुन्हा तेच. "मावशी, बीपीच्या गोळ्या परत रिपीट करू?" म्हटलं, अरे, रिपीट म्हणजेच परत करणे, त्यावर आणखी 'परत' कशाला? दुकानातला पोरगा दात काढून हसला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ही चूक आमच्या बोटांवर पट्टी मारून घालवली. पुढे शिक्षिका झाल्यावर मीही घालवली, माझ्या पद्धतीने.

६ नोव्हें.
रोहिणीची शिकवणी सुरू. शेजारच्या आक्काताईंची सून, माहेर गडमुडशिंगी. मुलाच्या शाळाप्रवेशाला आईबापांची इंग्रजीत मुलाखत. (शुद्ध मूर्खपणा.) मी एक वाक्य म्हटलं आणि म्हणाले, "रिपीट." पोरीने वही मिटली. मग म्हणते, "बाई, माझ्या आईला तुमीच शिकवलंय. कमल. झोपंत अजून ह्योच शब्द बडबडती."
मी शिकवत होते. छळत नव्हते.

७ नोव्हें.
आठवली. तेल चोपडलेल्या दोन वेण्या. मी श्रुतलेखन घालत होते, ही मध्येच उठून म्हणाली, "बाई, रिपीट अगेन." वर्ग हसला. मला वाटलं, आगाऊपणा. बाकावर उभी केली. 'रिपीट म्हणजेच पुन्हा', पन्नास वेळा. विसाव्या वेळेनंतर आवाज फुटेना. घंटा झाली तरी सोडलं नाही. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. मी चौकशीही...

९ नोव्हें.
रोहिणीला विचारलं, आईने शाळा का सोडली.
"लाज वाटली तिला. आन् कान फुटका की तिचा, ल्हानपणापास्नं. तुमचं ऐकू आलं न्हवतं, म्हणून इचारलं तिनं."
एवढंच. ऐकू आलं नव्हतं.
दुपारभर घरात कुणीतरी मोजत होतं. अठरा, एकोणीस, वीस. तिथून पुढे नाही. फोडणी करपली.

१२ नोव्हें.
कमल लेकीकडे आलीय. संध्याकाळी स्वतःच दारात. केस पांढरे, कपाळ तेच. "वळखलं का बाई?"
म्हणाले, "कमल, माझं चुकलं." हळू म्हणाले. तेवढंच जमलं.
तिने उजवा कान पुढे केला. "काय म्हनलासा? परत म्हणा की."
मी म्हणाले, "चहा घेणार का?"
चहा घेतला, बशी स्वतः विसळून ठेवली. उद्या सकाळच्या एसटीने गावी जाणार.
तेव्हापासून आरशासमोर ते दोन शब्द म्हणून बघतेय. सातव्यांदा आवाज फुटेना. एसटी साडेआठला आहे.