देवाच्या आंघोळीचा तांब्या

आप्पा,

मुकुंदवाडीहून तुमच्या लेकीचा नमस्कार.

धर्मांच्या अभ्यासाच्या एम.ए.साठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पुण्यात आन् इथं. "हाच विषय का?" असं दोन्हीकडं मुलाखतीत विचारलं. मी तुमचीच गोष्ट सांगितली. त्या दुष्काळात वाळूजच्या माळावर टँकर आला नाय, तेव्हा बिरोबाच्या आंघोळीचा तांब्या तुम्ही व्यालेल्या मेंढीला पाजलात आन् म्हणालात, "देवा, आज तुझं राहू दे."

पुण्यातल्या बाई म्हणाल्या, "ही रूढी झाली. धर्म ग्रंथांत बघायचा असतो." इथल्या सरांनी हातातला पेन खाली ठेवला. "मग देव काय म्हणाला?"

"तेच शिकायला आले," म्हणलं. इथंच नाव घातलं.

त्या माळावर आता प्लॉट पडलेत. तुम्ही देवाचं पाणी मेंढीला पाजलं तेव्हा देव कोपंल म्हणून मी लई रडले, दोन दिवस तुमच्याशी बोललेसुद्धा नाय. आज वाटतं, माझे पहिले गुरुजी तुम्हीच.

हे पत्र टाकत नाय. टाकलं तर काका वाचून दाखवतील आन् तुम्ही लाजून मेंढ्यांकडं निघून जाल.

एक मात्र सरांना सांगितलं नाय, ते आपल्या घरातलं हाय. मेंढी पिऊन झाल्यावर तुम्ही तांब्याच्या तळाशी बोट फिरवलं आन् ते ओलं बोट देवाच्या ओठाला लावलं.

तुमची,
ज्ञानेश्वरी