तुझं डाकोटा मी मोडलं तेव्हा

प्रिय वसंत,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय. आज तू समोर असतास तर हाताला येईल ते फेकून मारलं असतं.

काल तुझं तेरावं झालं. पानं उठल्यावर कोहलीसाहेब तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उभे राहिले. विमानं उडवणाऱ्या तुमच्या जुन्या ग्रुपमधले आता ते एकटेच उरलेत. म्हणाले, "साने साहब हीरा आदमी थे. बस, एक बार लापरवाही हो गई, और उसकी सज़ा बेचारी भाभीजी ने भुगती." तेवढ्यात माझा भाऊ शिरीष, पंचावन्न वर्षांचा बाप्या, ढसाढसा रडायला लागला.

"ताई, त्या दिवशी दुसरा सेट भाऊजींनी नाही, मी चालू केला होता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हात उठला. सगळ्यांसमोर फाडकन थोबाडीत! शेजारच्या चड्ढाबाई ओरडल्या, "भाभीजी, आज के दिन?" मी म्हटलं, "आज ही के दिन!" आणि दुसरीही दिली. त्याचा चष्मा खिरीच्या पातेल्यात पडला.

आठवतं ना ते मैदान? गाझियाबादची आपली सोसायटी नुकती उभी राहिली होती, लिफ्ट यायची होती, आणि मागे बिल्डरांनी अजून न खणलेली मोकळी जमीन. दर रविवारी तुम्ही दहा-बारा वेडे तिथे घरी बांधलेली छोटी विमानं रेडिओवर उडवायचात. खांबाला एक फळी, तिच्यावर चॅनेलचे आकडे, प्रत्येक आकड्याला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. आपल्या चॅनेलचा चिमटा काढून टोपीला लावायचा, मगच हातातला रेडिओ सेट चालू करायचा. त्याच चॅनेलवर दुसरा सेट चालू झाला, तर हवेतलं विमान कुणाचंच ऐकत नाही. हा नियम मलासुद्धा पाठ होता!

त्या सकाळी चिमटा तुझ्या टोपीला होता आणि तुझं पिवळं विमान वर. मी थर्मासमधला चहा ओतत होते. एकदम इंजिनाचा आवाज किंचाळल्यासारखा झाला. कुणीतरी ओरडलं, "भागो!" मान वर केली तर ते माझ्याच अंगावर येत होतं. पुढे आठवतो तो माझं हाड मोडल्याचा आवाज. गळ्याखालचं हाड, आणि कानापासून हनुवटीपर्यंत विमानाच्या पंख्याने फाडलेला गाल. जरा वर लागलं असतं तर डोळा गेला असता, डॉक्टर म्हणाले.

आणि तू काय म्हणालास, माझं रक्त तुझ्या शर्टावर असताना? "माझीच चूक. दुसरा सेट गाडीत मी चालू ठेवून आलो."

खोटारड्या!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की नन्स बोटांच्या पेरांवर पट्टी उभी धरून मारायच्या. तुझी बोटं त्यांच्या तावडीत सापडायला हवी होती.

घरी आले तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला, गालाला टाके. आणि जेवणाच्या टेबलावर तुझं ते अर्धवट बांधलेलं डाकोटा विमान! तीन वर्षं आपण मांडीवर ताटं घेऊन जेवलो त्याच्यापायी. खऱ्या विमानाच्या मापाबरहुकूम एकेक बरगडी हलक्या लाकडातून कापलेली. पत्र्याचे रिव्हेट दिसावेत म्हणून सुईच्या टोकाने ठेवलेले गोंदाचे हजारो ठिपके. माझ्याच इस्त्रीने चिकटवलेलं वरचं पातळ प्लॅस्टिकचं कातडं. भिंग लावून रंगवलेली, वैमानिकासमोरची डाळीएवढी घड्याळं.

मी डाव्या हाताने खलबत्त्यातला बत्ता उचलला. पहिल्याच घावात डावा पंख गेला. मग शेपूट. मग मी थांबलेच नाही. लाकूड चरचर फाटत होतं आणि मला बरं वाटत होतं, वसंत! तू अडवशील, निदान ओरडशील, याची मी वाट बघत होते. तू म्हणालास, "उषा, खाली ब्लेड पडलीत. चप्पल घाल."

आणि ती माझ्या पायाजवळ ठेवलीस.

त्यानंतर तू पुन्हा विमान बांधलं नाहीस. मी समजले, शरम वाटते. वाटायलाच हवी, असंही म्हणाले. एकदा नाही, वर्षानुवर्षं. पाहुण्यांना गालावरचा वण दाखवून म्हणाले, "ही आमच्या साहेबांची कलाकुसर." तू हसायचास आणि चहा ठेवायला उठायचास. एकदा तरी ओरडायचंस की माझ्यावर!

काल सगळे गेल्यावर शिरीषला समोर बसवलं. गाल सुजला होता. म्हणाला, ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेला होता, तिथून तुझ्यासाठी भेट म्हणून तुझ्याच चॅनेलचा सेट आणलेला. दिवा लागतो का, एवढंच बघत होता गाडीत बसून. चिमटा-बिमटा त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"मी सांगणार होतो, ताई. भाऊजींनी दंड धरला. म्हणाले, ती माझ्याशी भांडेल आणि चार दिवसांनी बोलेल. तुझ्याशी मात्र जन्मात बोलणार नाही. आणि तू गेलास तर तिला कोण आहे?"

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी त्याची वेणीफणी सोडून सगळं केलं. दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत राहून शिकत होता तेव्हा दर रविवारी आपल्याकडे जेवायचा, जाताना डबा न्यायचा. तुझा हिशेब बरोबर होता. मी त्याला उंबऱ्यात उभं केलं नसतं. म्हणून तर जास्त चीड येते! मला न विचारता माझ्या स्वभावाचा निकाल लावलास, आणि शिक्षा स्वतः भोगत बसलास. मला एक संधी द्यायची होतीस. कदाचित मी वेगळी निघाले असते. नसतेही. पण ते मला कळायला हवं होतं.

आणि तुझं नाव? कोहलीसाहेब सांगत होते, ग्रुप आता शहराबाहेर लांब उडवतो, आणि नव्या मुलांना आजही बजावतात, "साने वाली गलती मत करना."

ते आता बंद. येत्या रविवारी शिरीषला घेऊन मी तिथे जाणार आहे. तो सगळ्यांसमोर खरं सांगेल. सांगणार नाही म्हणाला तर कानाला धरून सांगायला लावीन. मग मी सांगेन, की साने यांनी छंद सोडला नाही, त्यांच्या बायकोने तो फोडला.

आणि मग त्याला घरी आणून जेवायला वाढीन. तोंडातून दोन वाईट शब्द जातील, पण वाढीन. पुढच्या रविवारीही. भाऊ गमावणार नाही, वसंत, हे वचन. त्याला माफ केलंय असं नाही. तुला तर नाहीच.

तुझी,
उषा