क्लाउडवर गेलेले एक्स-रे

४ नोव्हेंबर, सोमवार
ठाण्याचं ट्रेनिंग संपवून जव्हारला पुन्हा ड्युटीवर. बावीस वर्षं अंधारात एक्स-रेची फिल्म धुतली, आता डिजिटल. सगळं सेटिंग मी स्वतः केलं. डायकॉम म्हणजे काय, हे दवाखान्यात फक्त मला माहीत : फोटो आणि पेशंटचं नाव-वय एकाच फाइलमध्ये. संकल्प : स्टाफला रोज एक शब्द शिकवायचा.

५ नोव्हेंबर
शब्द : पॅक्स. एक्स-रे साठवायचं कपाट, जे लांबचा डॉक्टरही उघडू शकतो. मंजुषा सिस्टरनी विचारलं, उघडतो का पण? दुर्लक्ष केलं.
दुपारी वांगणीची सोमी, वय तीस. महिनाभर खोकला, ताप. नवरा लाडक्या तिला धरून घेऊन आला. फोटो फार क्लिअर आला. उजवीकडे बरंच पांढरं. पण वाचणं माझं काम नाही. आमचे डॉक्टर रजेवर. बदली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ठाण्याच्या रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट आला की या म्हणाले. सेंड दाबलं. लाडक्या म्हणाला, "फोटू गेला का?" म्हटलं, क्लाउडवर गेला. "तिथं कोन बघतो?" या लोकांना काय सांगणार!

७ नोव्हेंबर
शब्द : क्यू. म्हणजे रांग. स्क्रीनवर सगळ्या फोटोंसमोर हेच लिहिलंय. म्हणजे जातायत. रिपोर्ट मात्र एकही नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळी निवांत असतात.

११ नोव्हेंबर
लाडक्या एकटाच आला. सोमीला आता बसवत नाही म्हणे. रिपोर्ट नाही म्हटल्यावर तिथंच उभा राहिला. त्याला मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत जाणारा नाव-वय-तारखेचा तपशील, समजावला. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "रिपोट आला का?"
सिस्टर म्हणाल्या, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून कुठल्याही डॉक्टरला दाखवू. साफ नकार दिला. तसा फोटो पाठवताना दाबून लहान होतो, बारीक खुणा पुसल्या जातात. क्वालिटीत तडजोड नाही.

१४ नोव्हेंबर
ठाण्याला कडक तक्रार लिहायला घेतली. ड्राफ्ट उत्तम. सोमवारी फोन करूनच सुनावतो.

१८ नोव्हेंबर, सकाळ ११.३०
फोन केला. तिथली प्राजक्ता नावाची मुलगी शांतपणे म्हणाली, जव्हारहून आजवर एकही फोटो पोचलेला नाही, सर्व्हरचा पत्ता तपासा. एक आकडा चुकलेला. ट्रेनिंगच्या छापील कागदावर इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात.
१२.१०. आकडा बदलला. एकोणतीस फोटो सात मिनिटांत गेले.
१२.४०. पहिला रिपोर्ट सोमीचा. उजव्या फुप्फुसाभोवती पू. आजच भरती करून काढणं आवश्यक.
लाडक्याच्या पाड्यावर रेंज नाही. वांगणीच्या आशा सेविका नवशीबाईंना फोन लावला. म्हणाल्या, सोमी शनिवारी गेली. रिपोर्टला उशीर का झाला, त्यांनी विचारलं. नेटवर्कचा प्रॉब्लेम, म्हटलं.
सिस्टर समोरच होत्या.

२० नोव्हेंबर
दोन दिवस शब्द नाही. कुणी विचारलाही नाही.
लाडक्या आला. रिपोर्टचा कागद घ्यायला असेल, म्हणून पुढे केला. त्याने घेतला नाही. नवशीबाईंनी सांगितलं ते खरं का, एवढंच विचारायचं होतं. "आमच्या पाड्यावर रेंज नाय, त्याच्यानंच फोटू अडला ना, साहेब?"
मी हो म्हटलं.
दुपारच्या एसटीपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. मी एक्स-रे रूमचं दार लावून घेतलं.